'धवो बावटो' : साडेनऊ मिनिटांच्या युद्धपटाच्या नोंदी

आधी थोडक्यात सांगतो. गोवा मुक्तीच्या लढाईत १८ डिसेंबर १९६१ च्या दुपारी मुरगाव बंदरासमोर पोर्तुगीज आणि भारतीय जहाजांची जी चकमक झाली तिच्यावर आम्ही घरच्या घरी एक ॲनिमेशन फिल्म करतोय, आम्ही म्हणजे अडीच माणसं, मी, माझा भाचा, आणि परीक्षा नसली की येणारी त्याची मैत्रीण. मी झुवारीकाठच्या एका लहान यार्डात ड्राफ्ट्समन आहे, बार्ज आणि फेरीबोटींची ड्रॉइंगं काढतो, ॲनिमेशन कधी शिकलेलो नाही. भाचा शिकतोय. नोंदी ठेवतोय कारण सुरू करताना आम्ही शोधत होतो की आपल्यासारख्या कुणी काय चुका केल्या ते कुठे लिहिलंय का, आणि सगळीकडे नुसते झकपक नमुनेच दिसले.

११ ऑगस्ट २०२४

विषय पक्का झाला. पोर्तुगीजांचं 'अफोन्सो द अल्बुकर्क' हे एकच मोठं लढाऊ जहाज त्या दिवशी बंदरात होतं, चार १२० मिलिमीटरच्या तोफा, १९३४ ला पाण्यात उतरलेलं. समोरून आपली 'बेतवा' आणि 'बियास' आली, दोन्ही १९६० मध्ये नौदलात दाखल झालेली, म्हणजे जवळजवळ कोरी करकरीत. थोडक्यात सामना ठरलेलाच होता. अल्बुकर्कचा कप्तान जबर जखमी झाला, जहाज शेवटी बांबोळीच्या किनाऱ्यावर रेतीत घातलं. पोर्तुगीज बाजूच्या वर्णनात एक गोष्ट येते जिच्यासाठी हा सगळा खटाटोप आहे : कप्तानाचा हुकूम नसताना पांढरं निशाण वर चढवलं, पण ते डोलकाठीलाच गुंडाळलं गेलं, समोरच्यांना दिसलंच नाही, मारा चालूच राहिला. कोकणीत पांढऱ्याला धवो म्हणतात म्हणून नाव 'धवो बावटो'. संवाद कोकणीत, खाली मराठी ओळी.

आमच्या शेजारचे आबा तेव्हा बारा वर्षांचे होते, बांबोळीजवळच राहायचे. त्यांच्याच नजरेतून गोष्ट सांगायची, किनाऱ्यावरचा एक मुलगा आणि त्याचा रापणकार (किनाऱ्यावरून जाळं ओढणारा मच्छीमार) बाप. हा निर्णय पैसे वाचवायला घेतला होता (जहाजाच्या आतलं काही दाखवावं लागत नाही) पण आता वाटतं बरं झालं.

खर्च आजपर्यंत : सेकंडहँड ग्राफिक्स कार्ड २१,०००, दोन टेराबाइटची डिस्क ११,०००. बायकोला फक्त डिस्कचं सांगितलंय.

२५ ऑगस्ट

नऊ दिवस वाया. भाच्याने नेटवरून 'बेतवा'चं फुकट मॉडेल उतरवलं, मी त्याच्यावर बसून रेलिंगं, शिड्या, दोरखंड सगळं सुधारत बसलो, आणि काल रात्री जुने फोटो शेजारी ठेवून बघतो तर ही बेतवा ती नव्हेच. ही २००४ ला नौदलात आलेली, क्षेपणास्त्रंवाली, वीसेक मीटर जास्त लांब. नाव तेच. आपल्या नौदलात जुन्या जहाजाचं नाव नव्याला देतात हे मला माहीत असायला पाहिजे होतं, पोट भरतो मी बोटींवर! भाच्याला काय बोलणार, तो म्हणाला "मामा, तू तर ड्राफ्ट्समन ना?" आणि मी गप्प.

जुन्या बेतवा-बियास ब्रिटिश लेपर्ड वर्गाच्या, लांबी सुमारे १०३ मीटर, साडेचार इंची तोफांचे दोन जोडबुरूज, एक पुढे एक मागे. आता शून्यापासून मीच काढतोय. दोन्ही जहाजं एकाच वर्गाची हे आमचं नशीब, एक काढलं की दुसरं कॉपी.

८ सप्टेंबर

काल चवथ. या आठवड्यात काम शून्य, माटोळी (गणपतीवर टांगायची फळाफुलांची आरास) बांधण्यात आणि आरत्यांत गेला. पुढच्याही आठवड्यात शून्यच असणार, कुणी हे वाचून वेळापत्रक आखत असेल तर गोव्यात सप्टेंबर मोजूच नका.

२२ सप्टेंबर

भूभाग. उपग्रहाची फुकट उंचीची माहिती मिळते, तीस-तीस मीटरच्या चौकोनांची, ती ब्लेंडरमध्ये (आमचं ॲनिमेशनचं सॉफ्टवेअर) घातली की दोनापावला ते मुरगाव पाच मिनिटांत उभं राहतं. त्याच्यावर भाच्याने आजचा उपग्रह फोटो चिकटवला. दिसायला झकास. मग आबांना दाखवला तर ते म्हणाले "हो पूल खंयचो?" (हा पूल कुठला?) झुवारीवरचा पहिला पूल १९८३ चा, आणि त्याच्या शेजारचा केबलवाला तर परवाचा. पूल पुसला. मग दोनापावलाची जेट्टी पुसली, बांबोळीच्या डोंगरावरच्या इमारती पुसल्या, बंदराचा निम्मा भाग पुसला. शेवटी फोटोच काढून टाकला आणि डोंगर हाताने रंगवले, हिरवा, तांबडा, करडा, तीन रंग बस. दोन दिवसांत झालं. फोटोवर बारा दिवस घालवले होते.

आज अजून एक गोष्ट सापडली जी खरं तर पहिल्याच दिवशी सापडायला हवी होती. भाच्याने सगळीकडे संध्याकाळचं सोनेरी ऊन लावलं होतं, छान दिसतं म्हणून. पण लढाई भर दुपारची, बाराच्या पुढची. डिसेंबरात आपल्याकडे दुपारी सूर्य दक्षिणेला असतो, सगळ्यात वर आला तरी साधारण ५१ अंशांवर. आणि आपला मुलगा झुवारीच्या उत्तर काठावर उभा राहून दक्षिणेला बघतोय, म्हणजे उन्हाच्या दिशेने! म्हणजे जहाजांची त्याच्याकडची बाजू सावलीत, तो बघणार ती जवळजवळ काळी आकृती आणि चकाकणारं पाणी. तसं लावून बघितलं आणि आम्ही दोघंही पाच मिनिटं काही बोललो नाही, इतकं खरं दिसलं. मी काढलेलं रेलिंगन् रेलिंग त्या काळोखात गेलं त्याचं थोडं वाईट वाटलं. थोडं कशाला, बरंच.

६ ऑक्टोबर

जहाजं खेळण्यातली दिसतात. हा आजार सगळ्या हौशी युद्धपटांना असतो, बघाल तिथे टबमधल्या बोटी. तीन आठवडे कारण कळत नव्हतं, मॉडेल चांगलं, प्रकाश चांगला, तरी टब. आता जी कारणं सापडली ती लिहितो, हे वाचून कुणाचे तीन आठवडे वाचले तर मला चहा पाजा.

एक, वेग. २० नॉट म्हणजे सेकंदाला साधारण दहा मीटर. १०३ मीटरचं जहाज स्वतःच्या लांबीएवढं पुढे जायला दहा सेकंद घेतं. आमचं तीन सेकंदांत जात होतं, म्हणजे ताशी सव्वाशे किलोमीटर, कोकण रेल्वेसुद्धा लाजेल. मी रोज नदीत बार्ज जाताना बघतो, कंटाळा येईल इतक्या सावकाश जातात, तरी पडद्यावर आलं की हात आपोआप वेग वाढवतो.

दोन, पाण्याचा उसळलेला खांब. तोफेचा गोळा पाण्यात पडला की खांब उठतो तो आम्ही तीस मीटर उंच दाखवला, पण दीड सेकंदात खाली. तीस मीटरवरून पाणी पडायलाच अडीच सेकंद लागतात आणि वर जायलाही तेवढेच, एकूण पाच. विहिरीत दगड टाकल्यासारखं का दिसत होतं ते कळलं.

तीन, मागचं धूसर करणं. भाच्याला ती सवय कुठून लागली माहीत नाही, पुढचं जहाज स्पष्ट आणि मागचं धूसर. माणसाचा चेहरा असेल तर ठीक, पण शंभर मीटरची वस्तू किलोमीटरभर लांबून बघताना असं काही होत नाही, टेबलावरच्या वस्तूचा जवळून फोटो काढताना होतं. ते बंद केलं आणि जहाज एका मिनिटात मोठं झालं.

चार, कॅमेऱ्याची उंची. ड्रोनसारखा वरून फिरणारा शॉट भाच्याचा लाडका. काढून टाकला. आता एकही शॉट बारा वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांपेक्षा उंचावरून नाही, एक सोडून, तो भाच्याने रुसून ठेवून घेतला.

३१ ऑक्टोबर

काल नरकासुराची रात्र, दिवाळीच्या आदल्या रात्री आपल्याकडे त्याचे पुतळे जाळतात ती. आवाज रेकॉर्ड करायला मायक्रोफोन घेऊन गेलो (४,५००), वाटलं होतं फटाके मिळतील. मिळाले, पण प्रत्येकामागे स्पीकरवर तेच धडधड संगीत. पहाटे चारपर्यंत जागलो, कामाचे आवाज दोन, त्यातल्या एकात कुणीतरी मला ओळखून हाक मारतोय.

त्याआधी तोफेसाठी घुमट (आरतीला वाजवतात ते मातीचं वाद्य) वाजवून आवाज खाली ओढून बघितला होता. घुमट तो घुमटच, कितीही खाली ओढा, लगेच आरती सुरू होईल असं वाटतं. पाण्याच्या रिकाम्या टाकीवर उशी गुंडाळलेला दांडा मारून त्यातल्या त्यात बरा मिळाला, पण तो जवळचा आवाज, लांबचा नव्हे.

१७ नोव्हेंबर

स्फोट. अल्बुकर्कवर गोळा फुटतो तो शॉट, चार सेकंदांचा. धुराचं सिम्युलेशन (धूर कसा हलेल ते संगणकच ठरवतो) लावलं, पहिल्या वेळी धूर डब्यात कोंडल्यासारखा चौकोनी झाला, दुसऱ्या वेळी ठीक पण रात्रभरात ३८ जीबी खाल्ले, तिसऱ्या वेळी डिस्क भरली आणि त्यात आधीच्या दोन शॉट्सच्या फायली अर्धवट सेव्ह होऊन गेल्या. बॅकअप? पेनड्राइव्हवर, ऑगस्टचा. दोन शॉट परत केले. एकूण सोळा दिवस, चार सेकंदांसाठी. दिसायला भारी झालाय असं आज तरी वाटतंय.

१ डिसेंबर

आवाज मिळाला! नदीपलीकडच्या गावात फेस्त (चर्चचा उत्सव) होतं, दुपारी फटाके लावले, मी अलीकडे होतो आणि सहज मायक्रोफोन चालू केला. पाण्यावरून आलेला, डोंगरावर आपटून परत आलेला, पोटात लागणारा. एक पैसा खर्च नाही. थोडा खाली ओढला की तोफ.

त्यातून सुचलं की आवाज उशिरा यायला हवा. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, पाचेक किलोमीटरवरची तोफ असेल तर चमक दिसल्यावर चौदा-पंधरा सेकंदांनी धडाम. भाचा म्हणाला चौदा सेकंद शांतता कोण बघेल. मी म्हटलं ठेव. वाद झाला, जेवायच्या वेळेपर्यंत चालला, ताईने दोघांना गप्प केलं. ठेवली.

१९ डिसेंबर

आज दाखवायची होती, गोवा मुक्तिदिनाला. निम्मीसुद्धा झालेली नाही. त्यात गेल्या आठवड्यात मी शहाणपणा करून ब्लेंडर ४.३ वर नेलं. त्यात ग्रीस पेन्सिल (हाताने चित्रं काढायचं साधन) मुळापासून नवी केलीये, चांगलीच आहे, पण आमची माणसं सगळी त्याच्यावरच काढलेली आणि आमचं एक जुनं ॲड-ऑन बंद पडलं. चूक पूर्णपणे माझी, चालू कामात कोणी आवृत्ती बदलतं का. मागे ४.२ वर आलो, सहा दिवस गेले. आता फिल्म संपेपर्यंत अपडेटचं बटण दिसलं तरी हात मागे.

१२ जानेवारी २०२५

बावटा. सगळी फिल्म ज्याच्यासाठी तो शॉट : निशाण वर चढतं, दोनदा फडफडतं, काठीला गुंडाळतं, एक कोपरा तेवढा लोंबत राहतो. कापडाचं सिम्युलेशन लावलं. पहिल्यांदा कापड काठीतून आरपार गेलं. काठी जाड केली तर कापड तिला न चिकटता उसळायला लागलं, एकदा तर निशाणाने स्वतःलाच गाठ मारून घेतली आणि थरथरत राहिलं, भाचा हसून खाली बसला. वारा, घर्षण, कापडाचं वजन, अकरा दिवस आकडे बदलत होतो. एकदा बरोब्बर गुंडाळलं, तेव्हा फाईल क्रॅश झाली आणि पुन्हा तसं कधीच झालं नाही.

शेवटी मैत्रीण परीक्षा संपवून आली, तिने एक टॉवेल झाडूच्या दांड्याला बांधला, पंख्यासमोर धरला, मोबाईलवर शूट केलं आणि त्यावर बघून चौदा चित्रं हाताने काढली. एका दुपारी. प्रत्येक चित्र जितकं लागेल तितकं थांबवलं, गुंडाळताना भराभर, शेवटी लोंबताना एकच चित्र तीन सेकंद. अकरा दिवस विरुद्ध एक दुपार. मी आता तिला अर्धी म्हणत नाही.

१६ फेब्रुवारी

माणसं. आमची माणसं वाईट आहेत, सरळ लिहितो. जहाज सेकंदाला चोवीस फ्रेमने चालतं आणि माणसं बारा चित्रांनी, कॅमेरा हलला की माणसं डेकवर स्केटिंग करतात. उपाय मिळाला तो लंगडा आहे पण चालतो : माणूस दिसत असताना कॅमेरा खिळवून ठेवायचा. सगळ्या पोर्तुगीज खलाशांचा चेहरा भाच्यासारखा आलाय, मिशी लावली तर मिशीवाला भाचा.

आवाज दिले. मुलाचा आवाज वाड्यावरच्या एका पोराने दिला, दोन कुल्फ्यांवर. बापाचा मी. पोर्तुगीज हुकूम एका निवृत्त टीचरनी दिले, त्या पोर्तुगीज काळात लिसेवमध्ये (तेव्हाचं सरकारी हायस्कूल) शिकल्या. आम्ही नेटवरून जुळवून लिहिलेल्या चार ओळींपैकी तीन त्यांनी खोडल्या, म्हणाल्या असं हॉटेलात वेटरला सांगतात, खलाशाला नव्हे. मानधन घेतलं नाही, इसवण (सुरमई) घेतला एक, तो मला ग्राफिक्स कार्डाइतकाच महाग पडला म्हणा. रेकॉर्डिंग ऐकलं तर मागे त्यांच्या फ्रीजची घरघर. ती जहाजाच्या इंजिनात मिसळून टाकली, कुणाला कळणार नाही (आता तुम्हाला कळलं).

२३ मार्च

रेंडर, म्हणजे संगणकाकडून एकेक फ्रेमचं पक्कं चित्र काढून घेणं. साडेनऊ मिनिटं, बाराच्या हिशोबाने ६,८४० फ्रेम, एकेका फ्रेमला सरासरी शंभर सेकंद, म्हणजे १९० तास, आठ दिवस अखंड. जहाजांच्या शॉटना चोवीस लागतात ते वेगळंच. पहिलाच मोठा तुकडा मी थेट व्हिडिओ फाईल म्हणून काढायला लावला, एकतीस तासांनी वीज गेली, फाईल उघडेना. सगळं गेलं. एकेक फ्रेम सुटं चित्र म्हणून काढायची, मग वीज गेली तरी जिथे थांबलं तिथून पुढे, हे दहा ठिकाणी वाचलं होतं, दहाही ठिकाणी मला वाटलं होतं की माझं तसं होणार नाही. यूपीएसची बॅटरी ६,२०० ला आणली.

दुसरी भानगड पाण्याची. वेळ वाचवायला सॅम्पल (प्रकाशाचे नमुने) कमी ठेवून डीनॉइझ केलं, म्हणजे राहिलेले डाग संगणकाकडून पुसून घेतले, एकेक फ्रेम सुंदर, चालवलं की पाणी भातासारखं उकळतंय, कारण प्रत्येक फ्रेमला डाग वेगळ्या जागी पुसले जातात. पाणी असलेले सगळे शॉट ईव्हीवर (ब्लेंडरचंच झटपट रेंडर करणारं इंजिन) हलवले. चकाकी जरा खोटी आली, पण उकळणं थांबलं आणि वेळही एक तृतीयांशावर आला.

६ एप्रिल

काल देवळाच्या अग्रशाळेत चादर बांधून पहिल्यांदा दाखवली. प्रोजेक्टर भाड्याचा, ३,५००. सतरा माणसं, त्यातली सात आमच्याच घरची. मी फिल्म न बघता माणसांकडे बघत मागे उभा होतो, ते सगळ्यात उपयोगी पडलं, लोक नंतर तोंडावर "बरी आसा" म्हणतात पण मोबाईल कधी बाहेर काढतात ते खोटं बोलत नाही.

सोळा दिवसांचा स्फोट आला तेव्हा दोन पोरं एकमेकांना म्हणाली गेमसारखं दिसतं. कौतुकाने म्हणाली. पण बाकीची फिल्म चित्रासारखी रंगवलेली आणि मध्येच हा खराखुरा धूर, म्हणजे वहीत कुणीतरी फोटो चिकटवल्यासारखा, मला तिथे चादरीवर मोठा बघितल्यावरच कळलं. त्याच्याआधीची दोन मिनिटं जहाजं एकमेकांवर गोळे टाकतात, टाकतात, टाकतात. पोर्तुगीज बाजू म्हणते अल्बुकर्कने चारेकशे गोळे झाडले, म्हणून काय सगळे दाखवायचे? मोबाईल तिथेच निघाले. कोण कुठे आहे हेही कळत नव्हतं, कारण बेतवा एका शॉटमध्ये उजवीकडून येते आणि पुढच्यात डावीकडून, आणि ती काळी आकृती आणि ही पण काळी आकृती. उन्हाचा जो शोध लागला म्हणून मी उड्या मारत होतो त्याची ही किंमत.

चौदा सेकंदांच्या शांततेत एक काका उठून मागे आले आणि हळूच मला म्हणाले आवाज मागे पडलाय, केबल बघ. दुसऱ्यांदा तोफ झाली तेव्हा आणखी दोघे मागे वळले. भाच्याने माझ्याकडे बघितलं. काही बोलला नाही, गरजच नव्हती.

जमलेलं काय ते पण लिहितो, नाहीतर उगाच रडगाणं होईल. पहाट. बांबोळीच्या वायरलेस केंद्रावर सकाळी आपल्या हंटर विमानांनी हल्ला केला होता, आम्ही विमानं काढलीच नाहीत (येत नव्हती म्हणून), फक्त झोपलेलं घर, भांडी किणकिणतात, कोंबड्या गप्प होतात, बाप दारात येतो आणि म्हणतो "आयज दर्यार वचूं नाका." (आज दर्यावर जाऊ नका.) अग्रशाळेत टाचणी पडली तर ऐकू आली असती. आणि बावटा. तो गुंडाळला तेव्हा पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी "आगे बाय" केलं आणि नंतर गोळे पडत राहतात तेव्हा त्या हाताने खूण करत होत्या, थांबा म्हणून, चादरीला.

मग चर्चा. एक नौदलातून निवृत्त झालेले गृहस्थ होते, त्यांनी शांतपणे सांगितलं की बेतवावर तुम्ही जो ध्वज लावलाय तो सप्टेंबर २०२२ चा आहे. १९६१ मध्ये नौदलाचा ध्वज पांढरा, त्यावर तांबडा क्रॉस, आणि कोपऱ्यात तिरंगा. जहाज २००४ चं लावलं होतं ते पकडलं आणि ध्वज मात्र २०२२ चा लावून बसलो! त्यांनी आणखी एक विचारलं जे मला जास्त लागलं : अल्बुकर्कवरचे पाच मेलेले तुम्ही दाखवलेत ते बरं केलंत, पण अंजदीव बेटावर त्याच दिवशी आपल्या नौदलाची सात माणसं गेली ती कुठे आहेत. माझ्याकडे उत्तर होतं, की फिल्म एका किनाऱ्याची आहे, मुलाला अंजदीव दिसत नाही. ते दिलंसुद्धा. पण घरी येताना पटत नव्हतं.

११ मे

दुरुस्त्या. गोळाफेक दोन मिनिटं दहा सेकंदांवरून पन्नास सेकंदांवर आणली. कापताना हात थरथरला, त्यात माझे अडीच महिने होते. दिशा ठरवून टाकली, आपली जहाजं नेहमी उजवीकडून म्हणजे समुद्राच्या बाजूने, अल्बुकर्क नेहमी डावीकडे, किनारा सोडून कॅमेरा जाणारच नाही. भाच्याचा ड्रोनशॉट गेला. स्फोटाचा धूर काढून मैत्रिणीने नऊ चित्रांचा धूर काढला, सोळा दिवसांचे ३८ जीबी मी स्वतः डिलीट केले, नीट एकटा बसून.

चौदा सेकंद मात्र ठेवले. उपाय आबांनी दिला, म्हणजे त्यांना माहीतही नाही की दिला. म्हणाले आम्ही पोरं मोजायचो, वीज चमकली की मोजतात तसं. तर आता पहिल्या चमकेनंतर मुलगा बोटांवर मोजतो, एक, दोन, तीन, चौदाला धडाम, आणि बाप त्याच्याकडे बघतो. त्या पोराला परत बोलावून मोजायला लावलं, यावेळी तीन कुल्फ्या मागितल्या. पुढच्या तोफांना पूर्ण चौदा न ठेवता मध्येच दुसरा शॉट लावला, एकदा मोजून दाखवलं की पुढे माणसं स्वतःच मोजतात. घरातल्या सातांवर करून बघितलं, केबल कुणी विचारली नाही.

ध्वज बदलला. अकरा शॉट परत रेंडर. शेवटी काळ्या पडद्यावर दोन ओळी घातल्या, अल्बुकर्कवरचे पाच आणि अंजदीवचे सात. पुरेसं नाही हे मला माहितीये, पण सात माणसांचा शॉट मला काढता येत नाही, आणि मिशीवाले भाचे तिथे मेलेले दाखवायचे नाहीत असं आम्ही तिघांनी ठरवलं.

खर्च आजपर्यंत ४६,२००, विजेचं बिल आणि इसवण सोडून. बायकोला आता सगळं माहितीये.

१८ जून

आज गोव्याचा क्रांतिदिन, बाहेर धो धो पाऊस. पुन्हा अग्रशाळेत, यावेळी चाळीसेक माणसं, पत्र्यावरच्या पावसात पहाटेची किणकिण कुणालाच ऐकू आली नाही, म्हणजे जे सगळ्यात जमलं होतं तेच गेलं. पावसाळ्यात दाखवणार असाल तर खाली ओळी तरी घाला, आवाजांच्यासुद्धा. गोळाफेकीत एकच मोबाईल निघाला. माणसं अजून स्केटिंग करतात एका शॉटमध्ये, तो राहूनच गेला.

आबा पहिल्यांदा आले होते, एप्रिलात त्यांना ताप होता. ते जहाज पुढे कितीतरी महिने तिथेच रेतीत होतं, १९६२ ला ओढून मुंबईला नेलं, तोवर हे पोरांबरोबर रोज बघायला जायचे. फिल्म संपल्यावर बराच वेळ बसून राहिले. मी जवळ गेलो तर म्हणाले, बावटा बरा आहे, पण उलटा उडतोय. दुपारी वारं दर्यावरून येतं, तुझा जमिनीवरून उडतोय.

बरोबर आहे. पंखा ताईच्या खोलीत डाव्या बाजूला होता. चौदा चित्रं आरशासारखी उलटी करता येतात, एक क्लिक, पण मग काठीमागचं जहाजही उलटं होतं आणि दिशा परत घोळात जाते, आणि जहाज वेगळं रेंडर करायचं तर त्या शॉटची मूळ फाईलच राहिलेली नाही. भाचा म्हणतो आठ दिवसांत नवीन करू. मैत्रिणीची परीक्षा आहे. मी आबांना विचारलं, ठेवू का तसाच? ते म्हणाले, "दवर. पूण म्हाका खबर आसा." (ठेव. पण मला माहीत आहे.)